खटका

मामा बोटीवर फिटर. सिंगापूरहून त्याने आणली
एक्याऐंशी साली, माझ्या नावाने:
तळहाताएवढी पर्स, अख्खी चंदेरी टिकल्यांची,
लांब सोनेरी साखळी, आत लाल साटिन,
आणि तोंडाला दोन मणी, एकमेकांवर चढून
खट् करून मिटणारे.

यात मावतं काय, आळीतल्या बाया विचारायच्या.
नारळ नाही, डबा नाही, सुका जवळा पावशेरसुद्धा नाही.
मामा म्हणाला, तिकडच्या बाया रात्री नाचायला जातात,
आत नुसती लिपस्टिक आणि घराची किल्ली.
आमच्या घराला कुलूप नव्हतं.
मी आत खडीसाखरेचा एक खडा ठेवला.

हुर्झुक टेलरकडे मासिकातलं पान नेलं.
चमचमतं कापड, एकाच खांद्यावर बाही, दुसरा उघडा.
त्याने चष्मा कपाळावर चढवला.
"कापड कमी पडलं होतं काय त्यांना?"
शेवटी बाह्या दोन झाल्या, पण कोपरापासून घंटेसारख्या,
आणि पँट खाली एवढी रुंद
की पाजपंढरीच्या चढावर
माझा पाय मीच तुडवायची.

गॅदरिंगला चार दिवस होते
आणि आईची चंची फाटली.
"आगो, येका दिसासाठी दे."

हर्णैची वाळू, गुडघ्यापर्यंत ओला कासोटा,
समोर सुरमईचा ढीग
आणि आईच्या खांद्यावरून तिरकी सोनेरी साखळी.
तिने भाव पुकारला, पुन्हा पुकारला, थांबली,
पर्स मिटली.
खट्.
मुंबईचा व्यापारी गप्प. बैलगाडीवाला गप्प.
त्या दिवशी ढिगामागे दहा रुपये जास्त आले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलंही नाही.

मी म्हणाले, वास मारतोय तिला.
ती म्हणाली, पैशाला येतोच.
तीन दिवस आम्ही बोललो नाही, जेवण वाढून झाकून ठेवायची.
साटिनला खारं पाणी लागलं, टिकल्या गळायला लागल्या,
खवल्यांत पडल्यावर कोण निवडणार?
दापोलीच्या एका मास्तरीणबाईंना
बांगड्याच्या कल्ल्यात एक मिळाली.
त्यांनी ती वहीच्या कागदात बांधून
एसटीच्या कंडक्टरकडून परत पाठवली.

गॅदरिंगला गेले मी, आसूदच्या वळणांवर
घंटेच्या बाह्या मांडीत गुंडाळून.
दिव्यांना लाल-हिरवे जिलेटिन कागद, रेकॉर्ड लागली,
बाकीच्या पोरींच्या खांद्यावर रेक्झिनच्या पर्सा उडत होत्या
आणि मला कळेना, हात ठेवायचे कुठे.

बंदरावर मात म्हण झाली.
अडून बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे,
थांब, द्वारकीची पर्स अजून वाजली नाय.
शेजारच्या यशोदीने पत्र्याची डबी आणली वाजवायला.
तिला कोणी मानलं नाही.

आई जाऊन अकरा वर्षं झाली.
उरलेल्या टिकल्या मी मोजल्यात, सतरा.
साखळीची मधली कडी नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली,
जाळ्याची गाठ आहे ती, सुटत नाही.

परवा लेकीने कपाटातून काढली.
पुण्यात मैत्रिणीचं लग्न आहे, जुन्या फॅशनचा घाट घातलाय,
सगळ्या त्या काळातल्यासारख्या नटणार.
असली पर्स आता कुठे मिळते, आई, म्हणाली.

नको नेऊस, म्हटलं. वास येतो.

तिने आत नाक खुपसलं.
कसला, म्हणाली.