गंगाजळी

भांडीबाजारातल्या या बँकेत
तीन दिवस बसलेय.
खाली तांबट घागरीचा तळ ठोकून बघतोय,
वर मी ताळेबंदाचा.

गायधनी चहा पुढे सरकवतात.
"बारा पूर्णांक तीन, मॅडम. बारा हवेत.
आपण वरच आहोत."

मी भार घालत जाते:
तिजोरीतल्या नोटांना शून्य,
सोनेतारणाला निम्मा,
नुसत्या सहीवर गेलेल्याला शंभराच्याही वर.
म्हणजे प्रत्येक कर्जदाराला विचारायचं,
बाबा, तू बुडालास तर आम्हाला किती खोल नेशील?

दोनशे बावन्न कोटींचा भार,
त्याखाली स्वतःचे म्हणावेत असे एकतीस.
भागाकार बरोबर आहे.
भागाकार कधी चुकत नाही,
वरचा आकडा कुणी लिहिला ते बघावं लागतं.

आमच्या देव्हाऱ्यात एक गंगाजळी होती,
तांब्याची, तोंड डाख लावून बंद केलेली.
लहानपणी मी ती कानाशी हलवून बघायचे:
आत आहे ना?
आई ओरडायची.
आता त्याचाच मला पगार मिळतो.

हलवते.
इमारतीचं नवं मूल्यांकन: भिंती त्याच,
ओल तीच, किंमत तेवढी चढलेली.
सातपूरचा एक पत्र्याचा कारखाना:
हप्ता भरला तीस मार्चला,
त्याच मालकाला दिलेल्या दुसऱ्या कर्जातून.
गेले चार कोटी तीस लाख.
उरलं दहा पूर्णांक सहा.

गायधनी चष्मा पुसतात. बराच वेळ पुसतात.
"लाभांश ठरलाय हो. सभासद काय म्हणतील?"

कुलपं घेऊन उभा असलेला रंगनाथ शिरसाट
कुणी न विचारता बोलतो:
"या पायऱ्यांवरूनबी लई बोलले होते."

तिजोरीच्या खोलीला तीन पायऱ्या.
सकाळपासून दोनदा ठेचकाळलेय.
क्षेमकल्याणी बाई चेअरमन असताना
वर्षाचा नफा घालून जोतं उचललं.
सभेत खुर्च्या आपटल्या: लाभांशाऐवजी पायऱ्या चाटायच्या का?
बाई म्हणाल्या, गंगा नोटीस देऊन येत नाही.

सोळाच्या ऑगस्टात
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी,
सराफ बाजारात काउंटर तरंगत होते,
आणि इथे ते दुसऱ्या पायरीवर येऊन
रात्रभर थांबलं.
रंगनाथ तिसरीवर बसून होता, विजेरी घेऊन.
"कोरडी एकच राहिली होती, मॅडम.
पण होती."

नाशिकला पूर फुटांत सांगत नाहीत.
गुडघा, कंबर, छाती, गळा.
मारुती पाणी अडवत नाही, उपसतही नाही.
उभा राहतो,
आणि कुठवर आलंय ते लपवत नाही.

पेन्सिलीचा आकडा मी पेनानं गिरवते.
गायधनी मोबाईलवर हिशोब करतात:
लाभांश सोडला, तर?
"अकरा पूर्णांक एक," ते म्हणतात.
चहावर साय धरलीय.
"नाही पुरत," ते स्वतःलाच सांगतात,
"पण एक पायरी तरी."

निघताना मी मोजून उतरते.
एक, दोन.
तिसरी तरीही चुकतेच.