दोन वेळा म्हणजे चहा

"वायरमन कुठं आहे?" दारात सुंद्राक्का.
मी पिशवीतनं पक्कड काढून दाखवली,
"मीच की."
तिनं माझ्या वेणीकडं पाहिलं, खांद्यावरच्या शिडीकडं पाहिलं,
आणि बाजूला झाली.

खासबागेतलं बोळातलं घर. मागच्या खोलीत
चार मागांतले तीन भंगारात गेलेले,
ते होते तिथं फरशीवर अजून तेलाचे चौकोन.
चौथा उभा आहे, त्यावर लुगडी वाळतात.
कोपऱ्यात ईरप्पाण्णा
शेजाऱ्यांच्या कांड्या भरत बसलेला.
चाळीस वर्षं खटाक् खटाक्.
कान गेले. हात आहेत.

"हाका मारून घसा फुटलाय बघ माझा.
चुलीपाशी एक बटण दे.
मी दाबलं की त्याचं मशीनच बंद!"

मी त्याला खुणेनं विचारलं.
त्यानं बोटांत धागा ताणला
आणि माझ्या नाकासमोर तोडून दाखवला.

मग असं ठरलं :
एक प्लग त्याचा, कायम चालू, त्यावर मशीन.
एक तिचा, त्यावर जुना टेबललॅम्प,
त्याचं बटण सैपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वर.

जुन्या प्लगला आधी टेस्टर लावला.
बटण बंद, दिवा विझलेला,
आणि टेस्टर आपला पेटलेला.
कुण्या शहाण्यानं बटण न्यूट्रलवर टाकलेलं.
"बघा अक्का, हे बंद दिसतंय, पण बंद नाही.
हात लागला तर झटका."
"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं,"
ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून हसली.

मेन पाडला. परातीतल्या पिठावर वर्तमानपत्र झाकलं.
छिन्नीखाली भिंत आधी चुन्याची, मग निळी,
मग एक गुलाबी, कुणाच्या तरी लग्नातली.
तांबडी वायर बटणातनं फिरवून नेली,
काळी सरळ, हिरवी सरळ.
प्लगच्या उजव्या भोकात फेज.
हे मी आयटीआयत शिकले तेव्हा वर्गात
मुलगी म्हणून एकटीच होते,
पण ते राहू दे.

खिळ्याला हेस्कॉमची बिलं टोचलेली, कन्नडात.
त्याच खिळ्याला दुधाचा हिशेब, मराठीत.
"माझं माहेर इचलकरंजी," ती स्क्रू धरून उभी होती,
"ह्यांचं रामदुर्ग.
पहिली दोन वर्षं मी जेवायला या म्हणायची,
हा नुसता बघायचा.
मग मी ऊटा म्हणायला शिकले, तो जेवान म्हणायला.
दोघांचंही चुकायचं.
आता काय, भांडणच मिटलं."

नियम तिनंच केले.
दोन वेळा म्हणजे चहा. तीन वेळा, कोण तरी आलंय.
"आणि सारखं लपलप केलं तर?" मी विचारलं.
तिनं बरणीचं झाकण घट्ट केलं.
"तर मी पडले असं समजायचं."

मेन वर केला. "ओला हात नको," म्हटलं.
तिनं हात पुसला, दोनदा पुसला,
आणि दाबलं. परत दाबलं.

मागच्या खोलीत तेलाचे चौकोन
उजळले, विझले, उजळले, विझले.
ईरप्पाण्णानं मान वर केली.
हातातली कांडी पुरी केली, टोक खोचलं,
मशीन स्वतः थांबवलं, मग आला.
"बंदे," म्हणाला. म्हणजे, आलो.
ते कळायच्या आत माझा हात
सवयीनं टेस्टरकडं गेलेला.

चहा झाला. पैसे झाले. मी चप्पल घालत होते,
तेव्हा त्यानं मला मागं बोलावलं.
स्टुलाच्या बाजूची मोकळी भिंत दाखवली,
मग सैपाकघराचं छत.
"तिला ऐकू येतंय की!" मी कानाला हात लावून म्हटलं.
त्यानं आपल्या गळ्याला हात लावला,
तोंड मोठं उघडलं, आवाज न काढता,
आणि अक्का कान झाकते तसं करून दाखवलं.
मग रिकाम्या भिंतीवर बोट टेकवलं.
दोन वेळा.

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं मी लिहून घेतलं :
अठरा फूट तांबडी, काळी, हिरवी.
एक बटण, एक होल्डर.
मंगळवार.