दशांशाचं चौथं घर

तार्तूला डिसेंबरात तीन वाजताच दिवे लावावे लागत.
गणनखात्याच्या खोलीत आम्ही सहाजणी,
सहा टेबलं, सहा फेलिक्स यंत्रं,
दांडा फिरवला की झोपेत दात खाल्ल्यासारखा आवाज.
भागाकार म्हणजे वजा करत राहायचं,
घंटी वाजली की कळायचं, एक फेरा जास्त झाला.
मग एक फेरा उलटा.
मायमू म्हणायची, अशी घंटी माणसांना हवी होती.

कागद लेनिनग्राडहून यायचे.
कुणाला हवंय, कशासाठी, काही लिहिलेलं नसे.
त्या दिवशी इतकंच होतं:
ई-चा उणे क्ष घात बरोबर क्ष.
क्ष काढा. चार घरं.

मी एकोणीस वर्षांची, शाळेत गणितात पहिली.
लॉग घेतला. वरचा क्ष खाली उतरला,
तर खालचा जाऊन लॉगच्या कुशीत बसला.
दोघांना एका ओट्यावर बसवणारं सूत्रच नव्हतं.
मग म्हटलं, असंच धावू दे:
क्षचा लॉग, चिन्ह बदलून, पुन्हा त्याचा लॉग.
०.५७ ने निघाले,
०.५६२१, ०.५७६१, ०.५५१५,
झोका वाढत गेला,
०.४२१८, ०.८६३२, ०.१४७१,
एकदम १.९१६६,
आणि मग उणे काहीतरी,
ज्याचा लॉग कुठल्याच तक्त्यात नसतो.

मायमूने काळ्या पावावर मासळी ठेवली, कागदाकडे पाहिलं.
"उत्तराला खेटूनच तर निघाली होतीस.
वाक्य बरोबर आहे. तोंड उलट्या दिशेला आहे."
पाव चावत, जरा वेळाने:
"एन्देलशी माझंही असंच होत गेलं."
पुढे काही नाही. बोटं पुसून तिने
घातांकांचा तक्ता माझ्यासमोर सरकवला.
"आता इकडून ये. कुठूनही नीघ. अर्धा घे."

०.५.
०.६०६५. पलीकडे गेले.
०.५४५३. अलीकडे आले.
प्रत्येक वेळी चुकत होते,
पण आधीपेक्षा कमी चुकत होते,
याला प्रगती म्हणतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सहा वाजता लक्षात आलं:
चौथ्या ओळीत ०.५७९७ हवं होतं,
मी लिहिलं होतं ०.५९७९.
त्याखाली सबंध पान शाईत.
कानशिलं तापली. खोडायचं पातं उचललं,
तर मायमूने मनगट धरलं.
"पुढे बघ."
पुढे ०.५५००, ०.५७७०, ०.५६१६,
माझी चूक ओळीओळीने विरत चाललेली,
पाण्यात मीठ विरावं तशी, चव मात्र पाण्याचीच.
"वाट नीट असेल तर मध्ये ठेच लागली तरी चालतं.
उशीर होतो, एवढंच."

आणि शेवटी ते थांबेना.
०.५६७१. ०.५६७२. ०.५६७१. ०.५६७२.
आमच्या तक्त्याला याहून बारीक दिसत नव्हतं.
उत्तराला चौकट एकच.
मायमूने ०.५६७१ लिहिलं
आणि शेऱ्याच्या रकान्यात: "किंचित जास्त."

घरी जाताना नदी गोठलेली.
नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
आमची एमायोगी तर एका मोठ्या तळ्यातून
नदी होऊनच बाहेर पडते,
शोधायला झरासुद्धा नाही.
पुलावर मी उगाच पावलं मोजली,
एक जास्त झालं, एक मागे आले.

आता नातवाचा फोन डोळा लवतो न लवतो तोच बारा घरं देतो.
मी बघते, हो म्हणते.
पण तो कागद गेला तेव्हा
चौथ्या ओळीतला आकडा तसाच होता,
न खोडलेला.
तिकडे कुणीतरी बोट ठेवून थांबलं असेल,
भुवई उंचावली असेल,
आणि मग खालच्या ओळी वाचत गेलं असेल.