पालकाची सही

नववी ब. एकसष्ट प्रगतिपुस्तकं.
कोपरखैरण्याच्या शाळेत एप्रिल संपत आलाय,
पंखा निकालपत्रकाची पानं उडवतो
म्हणून वर डस्टर ठेवलंय. खडूची धूळ
'एकूण' या रकान्यावर बसलीय.

'विशेष नोंद' ही चौकट दोन बोटं रुंद.
पोर त्यात मावत नाही. जी वाक्यं मावतात
ती मला पाठ आहेत :
अक्षर सुधारावे.
लेखनाचा सराव हवा.
प्रयत्न केल्यास अधिक यश मिळेल.
हे शेवटचं माझ्याही पुस्तकात होतं, नौपाड्यात, सातवीला.
प्रयत्न केले. आता तेच वाक्य मी लिहिते,
महिन्याला पगार घेऊन.

जलसुरक्षेत सगळ्यांना अ श्रेणी.
शाळेच्या टाकीला सोमवारपासून पाणी नाही,
गोरखमामा वीस लिटरचे कॅन घेऊन जिने चढतात.
त्यांना कुठली श्रेणी, तसा रकाना नाही.

क्रमांक सत्तेचाळीस. प्रांजल सर्जेराव ओंबळे.
गणित पस्तीस, त्यातले चार माझे.
मराठी अठ्ठावन्न. हजेरी दोनशे एकपैकी एकशे सत्तर.
(गैरहजर दिवस बहुतेक सोमवारचे. विचारलं की चपलेकडे बघते.)
मी पेन उघडलं, 'अक्षर सुधारावे' लिहायला,
आणि नजर खाली गेली
जिथं पालकाची सही असते.

पहिली घटक चाचणी : स. ओंबळे.
ब फुगलेला, ळ आडवा पडलेला, शाई फुटलेली,
आणि खाली रेघ, ती पट्टीनं मारलेली.
कुठला बाप पट्टी लावून सही करतो?
प्रथम सत्र : ळ उठून बसलाय. रेघ अजून पट्टीचीच.
दुसरी घटक चाचणी : एका दमात केलेली,
मात्रा वाऱ्यावर कलल्यासारखी,
रेघ मोकळ्या हातानं, तरी सरळ,
बँकेनं चेक वटवला असता अशी.

वर्षभरात या पुस्तकात
एवढी एकच प्रगती स्पष्ट दिसते.
म्हणजे मागच्या वेळचा शेरा तिनं वाचला होता तर.
मी पेनाला टोपण लावलं. चौकट कोरी ठेवली.

निकालाच्या दिवशी ती आली नाही, बाप आला.
कांदा-बटाटा मार्केटातून थेट, रात्रपाळी उरकून,
कॉलरीत अडकलेला कांद्याचा पापुद्रा,
अंगाला गोणपाटाचा वास.
"पोरीला ताप आहे," म्हणाला.
आम्ही दोघांनीही तो ताप खरा धरला.
"कुठं करू, बाई?"
मी चौथी चौकट दाखवली.

त्यानं गुण पाहिले नाहीत.
वरच्या तीन सह्या पाहिल्या, बराच वेळ.
पहिलीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर,
गोणीवरची खूण बघून
माल कुणाचा ते ओळखतात, तसं.
मागे रांग. कुणाच्या तरी आईच्या हातात पेढ्यांचा पुडा.
मला पुष्कळ काही बोलायचं होतं, नियमातलं.
"माझ्याच आहेत," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

मग वाकला, आणि तिसरीकडे बघत बघत
चौथ्या चौकटीत
लेकीची सही काढू लागला.
ब जमला. ळ दोनदा गिरवला.
मात्रा कलेना, सरळच उभी राहिली,
जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम,
पेपरला शेवटची पाच मिनिटं उरल्यासारखा.

रेघेपाशी थांबला. हात जरा थरथरत होता,
रात्रभर ओझी उचललेला.
इकडेतिकडे पाहिलं.

पट्टी माझ्या टेबलावरच होती.
सरकवली.