तीन मिनिटं

जाळं पाण्यात बुडलं की घड्याळ सुरू.
तीन मिनिटांत रक्त सुईत यायला हवं,
उशीर झाला तर नळीत उतरते ती भीती
माझ्याच हातांची असते, पिंजऱ्याची नव्हे.

कुरियातचा ऑगस्ट. पाणी तेहतीस अंश.
आमच्याकडचा गोबरा, इथला हामूर,
तळाशी काळवंडून बसलाय.
कल्ले उघडमीट, उघडमीट, मिनिटाला एकशे दहा.
डोळ्यांना पापणीच नाही,
मिटणार काय?

बादलीत लवंगेचं तेल.
खमीस त्याला करनफुल म्हणतो
आणि मला दर वेळी आत्याची कर्णफुलं दिसतात,
देवगडच्या लिलावात टोपलीवर वाकलेली.
मासा कलतो. पोट वर.
शेपटीजवळ, कण्याखाली सुई. एक मिली, गडद.
"दोन पन्नास!" खमीस ओरडतो.
वाचलो.

चौथ्या पिंजऱ्यात कालच गर्दी केलेली, मुद्दाम.
तासाभरात कॉर्टिसॉल आभाळाला,
मागोमाग साखर.
पळण्यासाठी रक्तात साखर येते
आणि पळायला जागा आठ मीटर.
तरी दुसऱ्या दिवशी आकडे खाली आले, बऱ्या माणसाच्या तापासारखे.

सातव्यात तीन महिने दाटीवाटी.
त्याचे आकडे सगळ्यांत कमी.
वहीत मी लिहिलं: शांत.

डॉक्टर झुवैनांनी त्यावर काट मारली.
"पुन्हा हलवून बघ."
हलवलं. जाळं अर्धं वर ओढलं,
ऊन पाठीवर पडेपर्यंत.
तासाने पुन्हा सुई, पुन्हा सेंट्रिफ्यूजची घरघर.
आकडा होता तिथेच.
"हे शांत नाहीत," त्या म्हणाल्या,
"यांच्याजवळ घाबरायलासुद्धा
काही शिल्लक नाही."

सोहाग खाद्य टाकतो, सकाळ-संध्याकाळ.
हाताला वही नाही त्याच्या.
"सात नंबर खात नाही," म्हणाला,
"मी रमजानपासून सांगतोय.
दाणे पडतात, ते बघतात, दाणे खाली जातात."

चार वर्षं घरी गेलेला नाही सोहाग.
होडीच्या कडेला त्याचा डबा,
दुपार कलली तरी झाकण लागलेलंच.
कसा आहेस, विचारलं.
"भालो आछि," लगेच, न अडखळता,
आवाज सपाट, भरती-ओहोटीच्या मधल्या पाण्यासारखा.

मी रोज विचारते.
रोज तेवढंच उत्तर येतं.
आज हातमोजे काढले,
घड्याळ काढून खिशात टाकलं
आणि त्याच्या शेजारी फळीवर बसले.