एका सुट्टीएवढा समुद्र

कारवार एका सुट्टीपेक्षा लांब आहे.
म्हणून हिडकलला निघालो,
सोमवारी, पहाटे साडेचारला.
खासबागेतले माग बंद,
खरं माझ्या कानात चालूच.
सोळा वर्षं तो खडखडाट मी घरी नेतो,
ताटावर नेतो, उशीवर नेतो.
बायको म्हणते, अवो ओरडू नका, मी हितंच आहे.

कॅरियरवर भाच्याचा तंबू,
मागाच्या तुटक्या पट्ट्यानं आवळलेला.
सहा कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, पंक्चरचं सामान.

काकती. होनगा. मग वंटमुरीचा घाट.
ट्रक इतके जवळून जातात
की त्यांचा वारा आधी ढकलतो, मग ओढतो.
दोनदा उतरून ढकलत चाललो.
तिसऱ्यांदा उतरलो ते कुणाला सांगत नाही.
वर टपरीत चहावाल्यानं विचारलं, एकटेच?
एकटाच.
त्यानं आत वळून आरोळी दिली, "ओब्बरऽ बंदार!"
जणू मी कुठूनतरी निवडून आलोय.
साखर दीड चमचा जास्त.

धरणाला काठ म्हणावा असा काठ नव्हता.
मे महिना. पाणी मागं मागं सरकलेलं,
मध्ये भेगाळलेला गाळ, शिंपले,
एक चप्पल, डावी,
आणि गाळातून वर आलेला
रस्ता.

खडीचा. दोन्ही बाजूंना चिंचांचे बुंधे.
एक मोरी, धडधाकट.
एक मैलाचा दगड, नाव पाण्यानं खाल्लेलं.
कानडीत होतं की मराठीत,
बोटं फिरवूनही कळेना.
आकडा तेवढा शिल्लक, दोन,
आणि दोन हा दोन्हीकडे
जवळजवळ सारखाच काढतात.

मी सायकल चढवली त्याच्यावर.
समोर कुणी नसताना घंटी वाजवली.
रस्ता सरळ पाण्यात गेला, मीही गेलो,
पुढचं चाक आऱ्यांपर्यंत बुडेतोवर.
मग पाय टेकले.
रस्ता पुढं चालूच होता.

ट्रकच्या ट्यूबवर बसून
जाळं आवरत एक म्हातारा आला. लगमाण्णा.
"ऊरु यावदरी?"
बेळगाव, म्हटलं. तुमचं?
त्यानं हनुवटीनं पाणी दाखवलं.
खोल आहे काय?
"शाळा बुडंल एवढं," म्हणाला,
मग जरा थांबून,
"बुडल्या की."
आणि हसला, असा
की मला हसावं का नाही ते ठरवता येईना.

गाळात खुंट्या धरेनात.
तंबूची एक दोरी दगडाला बांधली, दोनच्या आकड्याखालून.
भाकरी मोडली तर केवढा आवाज झाला.
पलीकडच्या गावात दिवे लागले,
कुणीतरी कुत्र्याला नाव घेऊन शिव्या देत होतं,
पाण्यावरून शब्द न् शब्द स्वच्छ येत होता.

रात्री मोरीत पाणी शिरायचं, निघायचं.
धोटा जातो तसं. येतो तसं.
मी आडवा पडून मोजत होतो,
सवयच ती, धागा तुटला तर उठायला नको का.
केव्हातरी लक्षात आलं,
फक्त पाणीच ऐकू येतंय.
खडखडाट कधी थांबला
ते ऐकायचंच राहून गेलं.
त्या शांततेनं काही झोप आली नाही.
तंबूची चेन उघडून बसलो,
पायाला डास,
रस्ता चांदण्यात पांढरा, मग काळा, मग नाही.

सकाळी हँडलला पळसाच्या पानात बांधलेला मासा.
लगमाण्णा नव्हता,
त्याच्या ट्यूबची ओढलेली रेघ होती चिखलात,
माझ्या टायरच्या रेघेला कापून गेलेली.

आज मंगळवार, दुपारी पाळी.
घाट परतीला उतार असेल असं वाटलं होतं,
वाऱ्यानं त्याचाही चढ केला.
मासा होनग्यापर्यंत वास मारायला लागला.

कसा होता समुद्र, विचारील ती, मोठ्यानं.
हळू बोल, म्हणेन.
खारा नव्हता.
खरं तळाला रस्ता होता.