अक्कलदाढ

वूच शहरात जानेवारीत खळ गोठते.
बादलीत किटलीतलं पाणी ओतत, ढवळत
मी रात्री ट्रामच्या थांब्यांवर माणसं चिकटवतो:
शाम्पूची, कर्जाची, सुट्टीतल्या समुद्राची.
नवं लावायच्या आधी जुनं खरवडतो.
खरवडलेलं बोगनाला देतो. बदल्यात ती
चेरीच्या दारूची बाटली देते, कधी देत नाही.

बंद सूतगिरणीचा तिसरा मजला तिचा.
यंत्रांचे पाय रोवले होते तिथे अजून भोकं आहेत,
त्यांत ती ब्रश उभे करते.
थिनरचा वास इतका, की मांजरही जिन्यातच बसतं.

यंदा सहा थरांखालून टूथपेस्टची बाई निघाली.
चार मीटर रुंद हसू. कधीकाळी मीच लावलेलं,
आता गालावर माझ्याच पत्र्याचा ओरखडा.
बोगनानं आधी डोळे पुसले. चिंधी, थिनर, गोल गोल,
आजाऱ्याचं तोंड पुसावं तसं.
मग त्या पांढऱ्यात काजळी ओतली.
दात ठेवले, पण एकेका दातात
खिडकी कोरली, आत दिवा नाही.
जबडा लांबवत जमिनीपर्यंत नेला
आणि जिभेच्या जागी जिना, खाली जाणारा.

मी म्हटलं, हिला आता कुणी ओळखणार नाही.
ती म्हणाली, बघू.

प्रदर्शनाला अकरा माणसं आली, त्यातली चार ऊब घ्यायला.
बारावी तेक्ला.
हिरवी लोकरी टोपी, पिशवीत कोबी.
चित्रासमोर उभी राहिली ती हललीच नाही.
मग हातमोजा काढून तिनं जबड्यावर बोट ठेवलं,
चित्राच्या नाही, स्वतःच्या.
"त्या दिवशी अक्कलदाढ ठणकत होती," म्हणाली.
"सात तास. फोटोवाला सारखा, अजून, अजून थोडं हसा.
संपल्यावर मी फुटपाथवर बसून ओकले.
हिला कसं कळलं?"

बोगनाला कळलं नव्हतं. तिनं तसं सांगितलंही.
तेक्ला ऐकत नव्हती, दात मोजत होती.
अगदी मागचा, शेवटचा,
ज्यात खिडकी काढायची राहून गेली होती,
तिथे येऊन थांबली.

हसतील त्यांचे दात दिसतील,
एवढंच आजवर मला ठाऊक.

दुसऱ्या रात्री बँकेचा तरुण लावला.
कागद बसेना, तोंडापाशी बुडबुडा.
एरवी मी मूठ हाणतो.
तळहातानं दाबला, हळू, कडेकडेनं,
आणि आजूबाजूला कुणी नाही बघून
विचारलं: कुठली दाढ?